बरगडीपासून मानेपर्यंत

भाड्याच्या गो-कार्टमध्ये मी पहिल्यांदा बसलो तो भाच्याच्या वाढदिवसाला. दहा मिनिटांची चक्कर, डोक्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा वास असलेलं हेल्मेट, आणि उतरल्यावर 'एवढंच होय' असा माझा चेहरा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना डाव्या बरगडीने हिशेब चुकता केला. कार्टच्या सीटला गादी नसते. वळणावर अंग जिकडे फेकलं जातं तिकडे फायबरची कडक कड असते. शर्यतीची कार्ट चालवणारी आठ-दहा वर्षांची पोरं छातीभोवती बरगड्यांचं चिलखत चढवून बसतात, ते काही मिरवायला नाही. हीच पोरं पंधराव्या-सोळाव्या वर्षी फॉर्म्युला गाडीत गेली की दुखणं जागा बदलतं, बरगडीवरून मानेवर येतं. मधल्या वर्षांत काय घडतं, कुणाचं कुठे बिनसतं आणि आपल्याकडची मुलं नेमकी कोणत्या पायरीवर अडतात, हे एकदा सलग मांडून पाहायचं म्हणून हा लेख.

कार्ट मुळात खेळणंच. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्सने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात नळ्यांचा एक सांगाडा जोडला, त्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं आणि पॅसाडेनाच्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ते प्रकरण फिरवून पाहिलं. १९६२ मध्ये या खेळण्याची आंतरराष्ट्रीय समितीही झाली. आज फॉर्म्युला वनमधल्या जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हरची प्राथमिक शाळा तीच. मायकेल शूमाकरचे वडील गवंडीकाम करत आणि जर्मनीतल्या केर्पेनचा कार्ट ट्रॅकही सांभाळत. पोरगा तिथेच वाढला. मॅक्स वर्स्टापेन साडेचार वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला, लुईस हॅमिल्टन आठव्या वर्षी. आयर्टन सेना तीनदा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, पण कार्टिंगचं जागतिक विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. १९७९ आणि १९८० अशी दोन्ही वर्षं तो दुसरा आला. पुढे १९९३ मध्ये ॲडलेडच्या पत्रकार परिषदेत त्याला विचारलं गेलं की आजवरचा सर्वांत समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण. सगळ्यांना फॉर्म्युला वनमधल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं, ॲलन प्रॉस्टचं नाव अपेक्षित होतं. त्याने टेरी फुलर्टनचं नाव घेतलं. फुलर्टन फॉर्म्युला वनमध्ये कधी गेलाच नाही, तो कार्टवालाच राहिला.

कार्टमध्ये असं काय आहे? आहे त्यापेक्षा नाही तेच महत्त्वाचं. सस्पेन्शन नाही आणि डिफरन्शियलही नाही. आपली रोजची गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला पडतो, म्हणून ते जास्त फिरतं. डिफरन्शियल ही सोय करून देतं. कार्टची मागची दोन्ही चाकं मात्र एकाच सळईला घट्ट जखडलेली. दोन्ही जमिनीला टेकलेली असतील तर कार्ट वळायलाच तयार नसते, नाक सरळ धरून पुढे रेटत राहते. मग उपाय एकच: वळणात शिरताना आतलं मागचं चाक केसभर उचलायचं आणि तीन चाकांवर वळायचं. ते उचलतं कोण? स्टिअरिंगच्या भूमितीमुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, त्या दाबाने चेसिसच्या नळ्या पिळतात, आणि ड्रायव्हरच्या वजनाचा झोल उरलेलं काम करतो. म्हणजे चेसिस हीच स्प्रिंग आणि पोराचं शरीर हा गाडीचा एक सुटा भाग. सीट दोन-चार मिलिमीटर मागे सरकवली तरी वेळ बदलते.

म्हणून कार्टिंगमध्ये वाढलेलं मूल वेगाच्या आधी एक भाषा शिकतं. 'पुढून जात नाही', 'मागून सुटते', 'आतलं चाक लवकर खाली येतं.' मेकॅनिककडे परत आल्यावर दहा वर्षांच्या पोराला हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर दिवस फुकट. पुढे कोट्यवधींच्या गाडीत बसल्यावर इंजिनिअर त्याच्याकडून हेच मागणार असतो. आणि दुसरी गोष्ट, गर्दी. युरोपातल्या मोठ्या स्पर्धांमध्ये एकेका शर्यतीत तीस-पस्तीस पोरं, आधी पात्रता फेरी, मग हीट, मग अंतिम. दोन दिवसांत इतक्या वेळा चाकाला चाक लावून घासाघीस होते की कुठे नाक घालायचं आणि कुठे काढून घ्यायचं हे अंगात मुरतं. नंतर कुणी ते शिकवू म्हटलं तर शिकवता येत नाही. इटलीतलं लोनातो आणि सार्नो, बेल्जियमचं गेंक, स्पेनचं सुएरा ही नावं सर्वसामान्य प्रेक्षकाला ठाऊक नसतात, पण फॉर्म्युला वनच्या संघांची माणसं तिथल्या कुंपणाशी उभी राहून बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडे बघत असतात. बैल बाजारात येण्याआधी गोठ्यातच पाहून ठेवावा, तसं.

वयोगटांची उतरंड ढोबळमानाने अशी: आठ ते बारा मिनी, मग ज्युनिअर, चौदाच्या पुढे सीनिअर. सीनिअर गटाचं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सोळा हजारांच्या आसपास फिरतं. गिअरवाली कार्ट वेगळी, तिच्यात पुढच्या चाकांनाही ब्रेक. बिगर-गिअर कार्टमध्ये ब्रेक फक्त मागच्या सळईवर असतो. हा तपशील लक्षात ठेवा, कारण पोराची पहिली फजिती इथूनच होते.

पंधराव्या वर्षी फॉर्म्युला फोरचं दार उघडतं. मोटरशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ मध्ये ही पहिली पायरी आणली, सुरुवात इटलीत झाली. गाडी लहान दिसते, पण कार्टमधून येणाऱ्याला ती जहाजासारखी वाटते. कार्टमध्ये सगळं झटक्याने होतं. स्टिअरिंग हिसडलं की गाडी ऐकते, मागचा ब्रेक दाबला की शेपूट फिरते आणि वळण अर्धं झालेलं असतं. फॉर्म्युला गाडी स्प्रिंगांवर उभी असते. तिचं वजन पुढे यायला, बाजूला झुकायला क्षणभर लागतो आणि तो क्षण थांबावं लागतं. ब्रेक चारही चाकांना असतो. आधी जोरात दाबायचा, मग वेग उतरत जाईल तसा पाय हळूहळू सोडत वळणात शिरायचं. कार्टच्या सवयीने ब्रेक मारला की पुढची चाकं जाम होतात, टायरला सपाट डाग पडतो आणि पुढच्या दहा फेऱ्या स्टिअरिंग हातात थरथरत राहतं. नवखा वेगवान मुलगा पहिल्या चाचणीत हमखास तीच चूक करतो. गाडी त्याच्याशी बोलत असते, पण तो कार्टच्याच व्याकरणाने ऐकत असतो.

त्यावर गिअर आले, सुरुवातीला क्लच आला, पंख आले. पुढच्या गाडीच्या मागे जवळ गेलं की हवा फाटते आणि ऐन वळणात पुढचा पंख पकड सोडतो. कार्टमध्ये तर मागे चिकटून राहणं हाच फायदा होता. दृष्टीही बदलते. कार्टमध्ये पुढची चाकं आणि रस्त्याची कड डोळ्यांसमोर असते. इथे पोरगं जवळजवळ आडवं झोपलेलं, समोर संरक्षक कमानीचा खांब, आणि वळणाचा आतला बिंदू दिसण्याऐवजी आठवावा लागतो. कानात इंजिनिअर. शर्यत संपली की संगणकावर दोन रेषा एकावर एक ठेवून दाखवतात: ही तुझ्या ब्रेकची, ही संघातल्या दुसऱ्या मुलाची. बघ, तू दहा मीटर आधी दाबलास. चौदा वर्षांचा असेपर्यंत जिंकण्याची सवय लागलेल्या मुलाला ही दुसरी रेषा पचवणं सगळ्यांत जड जातं. मी ऐकलेल्या-वाचलेल्या मुलाखतींवरून माझं मत असं झालं आहे की कार्टमधून गाडीत जाताना बिनसतं ते बहुधा हातपायांचं नाही, इथे बिनसतं.

डाव्या पायाचं मात्र बरं असतं. कार्टमध्ये डावा पाय पहिल्या दिवसापासून ब्रेकवरच असतो, तेवढं पुन्हा शिकावं लागत नाही.

आता शिडी. फॉर्म्युला फोर, त्यावर प्रादेशिक फॉर्म्युला, त्यावर फॉर्म्युला थ्री, मग टू, मग वन. प्रादेशिक गाडीला सुमारे २७० अश्वशक्ती, थ्रीला ३८०, टूला ६२०. फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी, म्हणजे सुपर लायसन्ससाठी, तीन वर्षांत ४० गुण जमवावे लागतात. राष्ट्रीय फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला १२, फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला ३०, फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात तर थेट ४०.

हा नियम आला कसा, ती गोष्ट गमतीची. किमी रायकोनेन २००१ मध्ये सॉबरच्या गाडीत बसला तेव्हा त्याच्या खात्यावर गाड्यांच्या जेमतेम २३ शर्यती होत्या. वर्स्टापेन २०१३ मध्ये गिअरवाल्या कार्टचा जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी थेट युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये गेला, दहा शर्यती जिंकून तिसरा आला आणि २०१५ मध्ये सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर उभा राहिला. त्याला रस्त्यावर गाडी चालवायचा परवाना मिळायच्या आधीच. महासंघ दचकला. २०१६ पासून किमान वय १८, ४० गुण, आणि साधा वाहन परवाना अशा अटी आल्या. पुढे वर्स्टापेन चार वेळा जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्यानंतर येणाऱ्यांना अडवणारा हा नियम शहाणपणाचा होता की घाबरटपणाचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला वाटतं नियमाने धोका कमी केला, पण शिडी महागही केली. पूर्वी एखादा विलक्षण मुलगा दोन पायऱ्या गाळून पैसे वाचवू शकत होता. आता गुणांसाठी प्रत्येक पायरीवर मुक्काम आला, आणि मुक्काम म्हणजे बिल. २०२५ मध्ये मर्सिडीजमध्ये आलेल्या किमी अँतोनेल्लीने फॉर्म्युला थ्रीची पायरी गाळली खरी, पण त्याच्यामागे २०१९ पासून मर्सिडीज उभी होती.

बिलाचं बोलू. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी काही वर्षांपूर्वी जाहीरपणे आकडेमोड मांडली होती: चांगल्या दर्जाचं कार्टिंग पूर्ण करायला दहा लाख युरो, मग फॉर्म्युला फोर, फॉर्म्युला थ्रीचे एक-दोन हंगाम, त्यावरच्या पायरीचे आणखी पंधरा लाख, आणि दारात पोचल्यावर आत शिरायला वेगळे. एकूण सत्तर ते ऐंशी लाख युरो, म्हणजे त्या वेळच्या भावानेही पन्नास कोटी रुपयांच्या आसपास. त्यानंतर काहीही स्वस्त झालेलं नाही. या यादीतला माझ्या मते सगळ्यांत डोळे उघडणारा आकडा पहिला. दहा लाख युरो, तेही खेळण्याच्या गाडीवर. कार्ट स्वतः फार महाग नसते. महाग असते ती पुनरावृत्ती. दर सत्राला नवे टायर, इंजिन उघडून बांधणारा माणूस, मेकॅनिक, हॉटेल, विमान, आणि शर्यत नसलेल्या आठवड्यांतला सराव. ज्याच्या बापाचा खिसा खोल आहे त्याने शर्यतीच्या आधी त्याच ट्रॅकवर शेकडो फेऱ्या मारलेल्या असतात. घड्याळ दोघांनाही सारखंच मोजतं, पण फेऱ्या सारख्या नसतात. या हिशेबाला उत्तर म्हणून इंजिन बनवणाऱ्या रोटॅक्सची जागतिक अंतिम स्पर्धा आयोजकांच्याच कार्ट सोडत काढून वाटते. ही सर्वांत न्याय्य पद्धत आहे, पण एवढ्याने वर्षभराची दरी बुजत नाही. सिम्युलेटरने थोडी बुजते. 'ग्रॅन टुरिस्मो' खेळता खेळता खऱ्या शर्यतीत आलेला जॅन मार्डनबरो त्याचं उदाहरण. बटणांच्या गाडीत बरगड्या दुखत नाहीत, म्हणून माझा तिच्यावर अर्धाच विश्वास.

फ्रान्सच्या एस्तेबान ओकोनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि कुटुंब कॅरॅव्हॅनमध्ये राहायला गेलं, शर्यतीमागून शर्यतीला त्यातूनच फिरलं. हॅमिल्टनच्या वडिलांनी एका वेळी अनेक नोकऱ्या केल्या. आपल्याला हे ऐकून खाशाबा जाधव आठवायला हवेत. कुस्तीसाठी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. फरक इतकाच की कुस्तीत ते पैसे एका प्रवासाचे होते. शर्यतीत दर हंगामाला एक घर लागतं.

म्हणून या खेळात तालमीपेक्षा राजाश्रय मोठा. शाहू महाराजांनी मल्लांना खुराक आणि मैदान दिलं, तसं रेड बुल, मर्सिडीज, फेरारी, मॅक्लारेन पोरं पाळतात. हॅमिल्टनला मॅक्लारेनने १९९८ मध्ये उचललं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आश्रय मिळाला की बिल थांबतं, पण मालकाची नजरही सुरू होते. रेड बुल जेवढ्या सहजतेने घेतं तेवढ्याच सहजतेने काढतं. आणि शिडीच्या टोकाला पोचूनही जागा मिळेलच असं नाही. फॉर्म्युला वनमध्ये खुर्च्या गेली काही वर्षं वीस, आता बावीस. २०२२ चा फॉर्म्युला टू विजेता फेलिपे द्रुगोविच आणि २०२३ चा तेओ पूर्शेर, दोघांनाही पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये पूर्ण वेळ गाडी मिळाली नाही. नियम असा की विजेत्याला फॉर्म्युला टूमध्ये पुन्हा खेळता येत नाही. वर जागा नाही, खाली बंदी.

या सगळ्यात आपला माणूस कुठे होता ते एका वर्षाच्या उदाहरणावरून पाहू. मुंबईचा जेहान दारूवाला १९९८ चा. कार्टिंगला लागला २०११ च्या सुमारास, म्हणजे ज्या वयात युरोपातली मुलं ज्युनिअर गटात मुरलेली असतात. मुंबईचा कार्टिंगपटू रायोमंद बानाजी त्याचा गुरू. त्याच वर्षी फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाने देशभर शोध घेऊन तिघांना निवडलं: जेहान, बंगळूरचा अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी. जेहानला इंग्लंडला पाठवलं आणि दोनच वर्षांत तो ब्रिटिश ज्युनिअर विजेता झाला. उशिरा सुरुवात करूनही इतक्या लवकर वर येणं हे अस्सल गुणवत्तेचं लक्षण आहे, हे आधी मान्य करू. २०१७ मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीमध्ये प्रेमा संघातून तिसरा आला. त्याच मालिकेत जपानचा युकी त्सुनोदा नववा होता.

२०२० मध्ये दोघे एकाच संघात, कार्लिनमध्ये, फॉर्म्युला टूला गेले. दोघांच्याही टोपीवर रेड बुल. दोघांनाही नवी गाडी, १८ इंचांची नवी चाकं, आणि कोरोनाने आखडलेलं वेळापत्रक. फॉर्म्युला टूच्या आठवड्यात सराव ४५ मिनिटांचा, पात्रता ३० मिनिटांची, बस. ट्रॅक शिकायला वेळच नाही. पिरेली टायर असे की एका फेरीत तापवलेत तर पुढच्या वीस फेऱ्या ते सूड उगवतात. वेगवान हात असणं पुरत नाही, हात आवरायला शिकावं लागतं. वर्षाअखेर त्सुनोदा तिसरा, जेहान बारावा. ४० गुण झाले, आणि २०२१ मध्ये त्सुनोदा फॉर्म्युला वनमध्ये. होंडाने त्याला घडवलं होतं आणि त्या वेळी रेड बुलच्या दोन्ही संघांना होंडाचंच इंजिन होतं, हे खरं. पण होंडामुळेच तो गेला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय. त्या वर्षी तो टायर समजण्यात पुढे निघाला. जेहानने शेवटच्या शर्यतीत, साखीरला, भारतीयाचा पहिला फॉर्म्युला टू विजय मिळवला, पण शिडीवरचा तो विजय एक हंगाम उशिरा आल्यासारखा होता. नंतर २०२२ मध्ये मोंझाची मुख्य शर्यत त्याने जिंकली, मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीत चाचणीही दिली. फॉर्म्युला टूची चार वर्षं झाली आणि तो विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये गेला.

माझा निष्कर्ष असा की जेहान २०२० मध्ये मागे पडला त्याचं मूळ २०२० मध्ये नाही, २००६-०७ मध्ये आहे. आठव्या-नवव्या वर्षी मारायच्या हजारो फेऱ्या मुंबईत मारायला जागाच नव्हती. अंगात मुरलेली गोष्ट डोक्याला काम देत नाही. मुरलेली नसेल तर डोकं तिथेच गुंतून राहतं, आणि टायरचा विचार करायला जागा उरत नाही.

त्याआधीच्या पिढीला तर कार्टिंग जवळजवळ नव्हतंच. दक्षिणेत शोलावरमची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती, १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला, आणि कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती नावाची गाडी बांधली. त्यांच्या नावाचा ट्रॅक आज कोइम्बतूरला आहे. नारायण कार्तिकेयन याच मातीतला, रॅलीपटू बापाचा मुलगा. १९९२ मध्ये फ्रान्सच्या शर्यतशाळेत गेला, १९९६ मध्ये फॉर्म्युला एशिया जिंकली, २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनचा पहिला भारतीय झाला. त्याच्यामागून फॉर्म्युला वनमध्ये आलेल्या करुण चंढोकच्या घरात तर आजोबांपासून मोटरशर्यती. पुढे अर्जुन आणि कुश मैनी हे भाऊ आले. कुश सध्या आपला सर्वांत पुढचा खेळाडू. २०२५ मध्ये मोनाकोची फॉर्म्युला टू स्प्रिंट त्याने जिंकली. सगळी नावं पुन्हा वाचा. एकतर घरात शर्यत आहे किंवा घरात उद्योग आहे. फोर्स इंडियाचा राजाश्रय म्हणाल, तर २०१८ मध्ये तो संघच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला.

महाराष्ट्राच्या बाजूने सांगायचं तर कोल्हापूरचं नाव अभिमानाने घ्यावं लागतं. मोहिते कुटुंबाने तिथे ट्रॅक बांधला, राष्ट्रीय रोटॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या, ध्रुव मोहिते तिथून गाड्यांच्या शर्यतीत आला आणि कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. फाउंड्रीचं शहर, इंजिन उघडायला न घाबरणारे हात, आणि 'नाद खुळा' म्हणणारे प्रेक्षक. हा खेळ तिथे रुजावा यात नवल नाही. नवल याचं की मुंबई-पुण्यात तो रुजला नाही. तिथे ट्रॅक आहेत ते भाड्याचे, वाढदिवसाचे. किलोमीटरभर डांबर आणि शेजाऱ्यांच्या कानाला न पोचणारा आवाज, या दोन गोष्टी महानगरात सर्वांत महाग. आणि भाड्याच्या कार्टमधून शर्यतीच्या कार्टमध्ये जाण्याची मधली पायरीच आपल्याकडे नाही. एकीकडे दहा मिनिटांचं तिकीट, दुसरीकडे आयात केलेली चेसिस, आयात इंजिन, आयात टायर.

मुलींचं चित्र याहून विरळ. वडोदऱ्याची मीरा एर्डा कार्टिंगमधून फॉर्म्युला गाड्यांपर्यंत आली, तिच्यामागे रांग लागली नाही. जागतिक पातळीवर २०२३ पासून मुलींसाठी एफ वन अकॅडमी सुरू झाली आहे, गाडी फॉर्म्युला फोरचीच. पण कार्ट ट्रॅकवर आठ वर्षांच्या तीस मुलग्यांत एकच मुलगी असेल तर पुढच्या पायरीवर चमत्कार होणार नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे वरून बांधकाम सुरू झालं आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन आली. राज्य सरकारने तिला खेळ न मानता करमणूक मानलं, कराचा वाद झाला आणि ती गेली. ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक राहिला. २०२३ पासून भारताची स्वतःची फॉर्म्युला फोर मालिका आहे, फ्रान्समध्ये बांधलेल्या मीगाल गाड्यांची. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस चेन्नईत रात्रीच्या दिव्यांत भर रस्त्यावर ती धावली. पंधरा वर्षांच्या मुलाला पहिल्या पायरीसाठी इटलीला जावं लागत नाही, गुणही इथेच मिळू शकतात. हे चांगलंच झालं. पण पंधराव्या वर्षापर्यंत पोचणारी मुलं कुठून येणार, याचं उत्तर त्या दिव्यांत दिसत नाही. छत आधी घातलं आणि जोतं राहिलं, असं हे काम आहे. रस्त्यावरच्या एका रात्रीच्या शर्यतीला जो पैसा लागतो, त्यात चार शहरांच्या कडेला साधे, सुरक्षित, किलोमीटरभराचे कार्ट ट्रॅक आणि प्रत्येकी वीस एकसारख्या कार्ट उभ्या राहिल्या तर पुढच्या दहा वर्षांत फॉर्म्युला फोरच्या ग्रिडवर वेगळी आडनावं दिसतील. पैसा आधी कुठे घालावा, या प्रश्नाचा माझ्यापुरता निकाल लागला आहे.

फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर भारतीय ड्रायव्हर शेवटचा उभा राहिला तो २५ नोव्हेंबर २०१२ ला, ब्राझीलमध्ये. कार्तिकेयन. त्या दिवशी जन्मलेली मुलं आता कार्टिंगच्या ज्युनिअर गटाच्या वयाची झाली आहेत.

घरात आठ-नऊ वर्षांचं पोर 'मला कार्टिंग करायचंय' म्हणून मागे लागलं असेल, तर कार्ट विकत घेऊ नका. वर्षभर भाड्याच्या ट्रॅकवर जाऊ द्या, आणि घरी आल्यावर किती वेळ लागला हे विचारण्याऐवजी गाडी काय करत होती हे विचारा. ते सांगू लागलं की समजा काहीतरी आहे. खरेदी करायचीच तर पहिली खरेदी त्याच्या मापाच्या हेल्मेटची करा, लहान मुलांसाठीच्या वेगळ्या प्रमाणपत्राचं, हलकं. आणि बरगड्यांच्या चिलखताची. ट्रॅकवर टांगलेलं मोठ्यांचं हेल्मेट त्या मानेला जड होतं.